भूछत्राची ग्रामसभा

"कुणाचा विश्वास बसणार नाही, पण ते भूछत्र मी खाल्लंय," ग्रामसभेत उठून नामूअण्णा म्हणाले, आणि मघापासून भांडणारी माणसं त्यांच्याकडे वळून बघू लागली.

भांडण औषधाचं होतं. मन खचलेल्यांना भूछत्रापासून केलेलं, डोळ्यांपुढे भलतंच जग उभं करणारं औषध गावच्या दवाखान्यात देऊ द्याल का, असं शहरातल्या डॉक्टरीणबाई विचारत होत्या. सरपंच यमुनाताईंचं काही ठरत नव्हतं. त्यांचा धाकटा भाऊ मागच्या भिंतीला टेकून बसला होता. बायको गेल्यापासून दोन वर्षं त्याच्या तोंडून शब्द फुटला नव्हता.

"पुराच्या साली, टेकडीवर," अण्णा रंगात आले. "खाल्लं, तशी टेकडी उठून माझ्या शेजारी येऊन बसली. म्हशीनं घरच्यांची खुशाली विचारली. खाली उतरलो, तर मनात दुःख म्हणून शिल्लक नाही!"

"मग आधी माझ्या सासूला द्या!"

"रेशनवर मिळंल का ओ?"

मघाशी बंदी मागणारेही हात वर करू लागले. यमुनाताईंना आता या उत्साहाचीच धास्ती वाटली. भावासाठी हात वर करावा, की या खुळ्या गर्दीपासून त्याला वाचवावं? त्यांचा हात अर्ध्यातच थांबला.

तेवढ्यात मागच्या भिंतीकडून घोगरा, सगळ्यांना विसर पडलेला आवाज आला.

"अण्णा, थापा मारू नका. पुराच्या साली तुमचा पाय मोडला होता. पाठुंगळीला घेऊन मीच हिंडवत होतो तुम्हाला. टेकडीवर कधी गेलात?"