विसरणारं मशीन

पत्त्याच्या चौकटीत नंदानं एक अक्षर टाकलं आणि खाली काहीच उघडलं नाही. पांढरी पट्टी पांढरीच राहिली.

भोकरदनच्या या इंटरनेट कॅफेतल्या बाकीच्या मशीनवर असं होत नसे. तिथं एक अक्षर टाकलं की आधी बसून गेलेल्यांनी पाहिलेले पत्ते ओळीनं खाली लटकायचे. कुणी दुबईतल्या नोकऱ्या पाहिलेल्या, कुणी कोडावरचे उपचार, कुणी लग्नाची स्थळं. गाव लहान. कोण कोणत्या खुर्चीवरून उठलं ते दाराजवळच्या बाकावरून दिसायचं. उरलेलं मशीन सांगायचं.

हे पहिल्यांदा नंदाच्याच लक्षात आलं होतं. ती हसनाबादला विज्ञान शिकवायची आणि भोकरदनला खोली घेऊन एकटी राहायची. तिनं कॅफेच्या मालकाला, अजमतला, ते दाखवलं. तो जालन्याहून सीडीवर एक वेगळा ब्राउझर घेऊन आला आणि कोपऱ्यातल्या मशीनवर घातला. बंद केला की पाहिलेलं, लिहिलेलं सगळं पुसून टाकणारा. "सगळ्यांवर घाल," नंदा म्हणाली होती. "घालतो की बाई, आधी एकावर बराबर चालू द्या," असं अजमत म्हणाला, आणि मग ते राहूनच गेलं.

चूक तिथं झाली. थोड्याच दिवसांत लोक कोपऱ्यासाठी थांबू लागले. बाकीच्या खुर्च्या रिकाम्या असूनही कुणी बाकावर बसून राहिलं की शेजारचे कोपरानं ढोसायचे.

"काय कडूबा, इसरभोळंच मशीन पाह्यजे का?"

"निकाल बघायचाय."

"निकाल त हितंबी दिसतो की. का नापास झालेला तिकडं पास दिसतो?"

मशीन आता काही सांगत नव्हतं. बाक सांगत होता.

नंदाही दर रविवारी त्या बाकावर थांबायची. कोपरा मोकळा झाला की औरंगाबादच्या एका संस्थेचा अर्ज उघडायची. मूल दत्तक घेण्यासाठी नाव नोंदवायचा. नाव, वय, शिक्षण, पगार. अविवाहित. मुलगी हवी. सगळं भरून 'पाठवा'पर्यंत यायची आणि ब्राउझर बंद करायची. अर्ज पुसला जायचा. पुढच्या रविवारी पुन्हा नावापासून. अशा पुसण्यात एक सोय होती. दर वेळी आपण हा विचार पहिल्यांदाच करतो आहोत असं वाटायचं, आणि पहिल्याच वेळी कुणी निर्णय घेत नसतं.

कायद्यानं अडत नव्हतं, ते तिनं नीट वाचलं होतं. अडत होतं ते वेगळंच. लग्न न झालेली बाई मूल घेऊन आली की लोक आधी त्याचे नाकडोळे तिच्याशी ताडून बघणार. आणि पिंपळगाव रेणुकाईला शेती करणारा तिचा थोरला भाऊ भुजंग, तो तर पुन्हा तोंड बघणार नाही. असं तिला वाटत होतं.

आज अर्ज भरून झाला तेव्हा दारात चपलांचा ओळखीचा आवाज आला. बाकावरची कुजबुज थांबली.

"अजमत, माझी बहीण हितं काय बघती?"

"ते मशीनलाच ठाऊक न्हाई भाऊ. मंग मला कुठून?"

"असलं कसलं मशीन ठिवलं तू?"

"म्या कुठं ठिवलं? तुमच्या बहिणीनंच ठिवायला लावलं."

बाकावर कुणीतरी हसू दाबलं. भुजंग कोपऱ्यात येऊन उभा राहिला. पडद्यावरचं इंग्रजी त्याला वाचता येत नव्हतं. त्यानं ते वाचायचा प्रयत्नही केला नाही. तिच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून तो हळू आवाजात म्हणाला, "नंदा, कोण हाय त्यो?"

"कोण?"

"लपवू नको. गावात दोघातिघांनी सांगितलं, तुझी बहीण दर आयतवारी लपायच्या मशीनवर बसती. मोटरसायकलीवर वाटभर इचार करून राह्यलो. आपल्यातला नसला तरी बघू. तुझ्या वहिनीलाबी म्या तसंच सांगून आलो. तू फक्त नाव सांग."

नंदानं वर पाहिलं. हे बोलायला त्याला किती कष्ट पडले होते ते त्याच्या कपाळावर दिसत होतं. इतकी वर्षं जी भिंत ती धरून चालली होती, तिला दार होतं. पण ते दार भलत्याच बाजूला उघडत होतं.

माऊसचा बाण बंद करायच्या फुलीवर होता. एकदा दाबलं की अर्ज गेला. भुजंग परत जाईल आणि नसलेल्या माणसाला शोधत राहील. उद्या घरात मूल आलं की तो माणूस त्याला सापडेलच. सगळ्यांना सापडेल. तिनं पुसून ठेवलेली प्रत्येक जागा लोक आपल्या मनानं भरत होते, आणि त्या मजकुराखाली एका मुलीला वाढावं लागणार होतं. या यंत्रानं नंदाचे प्रश्न जपले होते, ते ठीकच होतं. उत्तर मात्र जपून चालणार नव्हतं.

तिनं माऊसवरचा हात काढला. खुर्ची वळवली, भावाकडे आणि त्याच्या मागच्या बाकाकडे. मग शेवटच्या रांगेपर्यंत पोचायला वर्गात लागतो तेवढ्या आवाजात ती म्हणाली,

"कुणी माणूस न्हाई, दादा. एक लहान मुलगी आहे. कुठली, कुणाची, ते मलाही अजून माहीत न्हाई. मी तिला दत्तक घेणार आहे."