कावळा जेवल्याशिवाय

"मराठीत बोला. तिला कळत नाही," सीतारामराव म्हणाले आणि भुवनाकडे बघून हसले.

भुवनाही हसली. ती करंदैच्या शाळेत शिकवायची. समोर गंगाबाई धर्मनिधीचे तिघे विश्वस्त बसले होते: अध्यक्ष सीतारामराव, वकील चिदंबर आणि ठराव लिहून घेणारे व्यंकटरमण. तिच्याशी ते तमिळमध्ये बोलत, गोड आवाजात. आपापसात मराठी. तंजावरातल्या या जुन्या मराठी घरांना ती खोडच होती. परक्यासमोर परक्याची निंदा करायची तर घरची भाषा.

"गावची सगळी खरूज आपल्या दारात आणेल ही," सीतारामराव म्हणाले. "ना नवरा, ना मूल. मग हेच धंदे."

"कॉफी पिऊन जाऊ दे. नंतर कागद पाठवू," चिदंबर म्हणाला. "तुमचं नवं पिल्लू काय म्हणतंय?"

"पोमेरेनियन? राजासारखं आहे. आमच्या मुलानं, साईरामनं, मद्रासहून आणलं. गादीशिवाय झोपत नाही."

"आणि परसातलं जुनं?"

"मेलं. वय झालं होतं."

भुवनाचा अर्ज टेबलावर तसाच पडला होता. भटक्या कुत्र्यांना रेबीजची लस, आणि सहा शाळांत आठवड्याला एक तास. कुत्र्याला दगड मारू नये, चावलं तर लपवू नये, जखम साबणानं धुऊन दवाखाना गाठावा, एवढंच शिकवायचं. गेल्या पंगुनी महिन्यात, म्हणजे फाल्गुन-चैत्रात, तिच्या तिसरीतल्या एका मुलीनं कुत्र्याला दगड मारला. कुत्रं चावलं. बाप मारील म्हणून मुलीनं ते घरी सांगितलं नाही. पुढे पाण्याचा पेला पाहून ती किंचाळायला लागली, तेव्हा सगळ्यांना कळलं. तिच्या बाकावर अजून कोणी बसत नव्हतं. आज नकार मिळाला तर या उन्हाळ्यात लस नव्हती आणि तासही नव्हता.

भिंतीवर गंगाबाईंची तसबीर होती. त्यांच्या काळी याच छत्रात, म्हणजे धर्मशाळेत, वाटसरूंच्या पंगती उठत. पंगतीआधी कावळ्याचं, गाईचं आणि कुत्र्याचं पान वाढलं जाई. आता छत्र लग्नांना भाड्यानं जाई आणि दारावर केबलच्या तारा लोंबत.

भुवनानं एक कुत्रं बरोबर आणलं होतं. पहिली लस त्याला टोचली होती. खरजेनं अंगावर केस उरले नव्हते, मूळ रंग कोणता तेही सांगता आलं नसतं. आत आल्यापासून ते उंबऱ्याजवळच्या चपलांवर पडून होतं. हनुवटी एका चपलेवर टेकलेली.

"हटव ते तिथून!" सीतारामराव तमिळमध्ये ओरडले.

"माफ करा सर. एरवी कोणाजवळ जात नाही ते," भुवना म्हणाली आणि तिनं दोरी ओढली. कुत्रं हललं नाही.

"हे बघा अम्मा. रस्त्यावर कुत्री येतात कुठून? झोपडपट्टीतून. पाळायची ऐपत नाही आणि सोडून द्यायची. आमच्या लोकांत कुणी असं करत नाही. दुसऱ्याच्या पापाला आम्ही का पैसे द्यायचे?"

"हे गाडीतून आलं, सर."

"काय?"

"तिरुवैयारूला, कावेरीच्या घाटावर. फुलवालीनं पाहिलं. गाडी थांबली, दार उघडलं, याला खाली ठेवलं. आठ दिवस हे त्याच पायरीवर बसून होतं."

"गाडीवाले काय, हल्ली कोणीही असतात," सीतारामराव म्हणाले. मग मराठीत, "लिही रे व्यंकटरमणा. अर्ज नामंजूर."

व्यंकटरमणांना ते बरं वाटेना. त्यांनी कॉफीबरोबर आलेल्या आपल्या पानावरचा अर्धा मेदुवडा कुत्र्यापुढे टाकला. कुत्रं उठून बसलं. तोंडातून लाळ गळू लागली. पण त्यानं वड्याला तोंड लावलं नाही.

"तसं खात नाही ते," भुवना म्हणाली. "घाटावरही असंच. फुलवाली भात घालायची आणि हे वर बघत बसायचं. कावळ्यानं येऊन चोच मारली की मग खायचं. माझ्याकडेही तेच. मी सगळं बोलून पाहिलं. खा म्हटलं, घे म्हटलं. ऐकत नाही. मला वाटलं, बहिरं आहे."

चिदंबर मोठ्यानं हसला. "अरे, हे तर आपल्यातलंच दिसतंय! कावळा जेवल्याशिवाय पानाला हात नाही!"

सीतारामराव हसले नाहीत. "लिही. धर्मनिधीचा पैसा माणसांसाठी आहे..."

कुत्रं कण्हलं. ते वड्याकडे बघत नव्हतं. खिडकीकडेही नाही. ते सीतारामरावांकडे बघत होतं.

"...आणि रस्त्यावरच्या जनावरांची जबाबदारी..."

पुन्हा कण्हलं. लाळेची तार जमिनीला टेकली. व्यंकटरमणांची लेखणी थांबली. सीतारामरावांनी मान फिरवली, कागद उलटा केला, सुलटा केला. कुत्र्याची नजर हलली नाही.

"...ती ज्यानं त्यानं..." आणि मग त्रासून, वर न बघता, रोज दुपारी परसात म्हणायच्या आवाजात ते म्हणून गेले, "झालं, झालं. कावळा जेवला. खा आता."

कुत्र्यानं वडा एका घासात गिळला. मग ते उठलं, सीतारामरावांच्या खुर्चीपाशी आलं आणि त्यांच्या पायांवर अंग टाकून पडलं.

खोलीत मराठी न कळणारी आता भुवना एकटीच होती.

तिनं हातातली दोरी हळूच टेबलावर ठेवली. "सर," तिनं विचारलं, "याचं नाव काय?"