बुलढाण्यात शिरण्यापुरतं पेट्रोल

रहेमतुल्ला ड्रायव्हर मोटारीखाली उताणा पडला होता आणि पेट्रोल थेंब थेंब त्याच्या छातीवर पडत होतं. मागच्या टाकीचा सांधा तो कपडे धुवायच्या साबणानं चोळून बुजवत होता. इथं बुजला की चार बोटं पलीकडून गळायचा.

वर, मोटारीच्या मागच्या गादीवर, अर्जुनरावांची लेक कोकिळा पडून होती. पहिलटकरीण. परवापासून कळा देत होती. सकाळी नूरबी सुईणीनं हात धुतले आणि सांगितलं, "मूल आडवं हाये. माह्या हातचं काम नाही. बुलढाण्याच्या दवाखान्यात न्या, आत्ताच्या आत्ता."

साखरखेर्ड्यात मोटार एकच, वामनरावांची. त्यांनी ती कोणी मागायच्या आधीच देऊ केली. माणूस दिलदार. पेट्रोल गळतंय हे मात्र कोकिळेला गादीवर निजवल्यावर कळलं.

"काल तर टाकी अर्धी भरेल होती," वामनराव म्हणाले.

"काल शेंदूर होता, मालक," खालून आवाज आला.

मोटार घेतल्यापासून दर दसऱ्याला तिची पूजा व्हायची. इतरांच्या गाड्या हळदीकुंकवावर भागतात. वामनरावांच्या घरी जवसाच्या तेलात शेंदूर कालवून तो मागच्या टाकीला फासायची रीत पडली होती, कारण मोटारीचं पोट म्हणजे तेच. अठरा दसरे, अठरा थर. खालचा पत्रा केव्हाच गंजला होता. पेट्रोल धरून ठेवलं होतं ते शेंदरानं. पण येत्या रविवारी डेप्युटी कमिशनरसाहेब लढाईच्या फंडासाठी येणार होते. त्यांना याच मोटारीतून गावभर फिरवायचं होतं, आणि साहेबाला शेंदूर फासलेल्या वाहनात बसवणं बरं दिसलं नसतं. तो खरवडायला घरातलं कोणी धजेना. मग ते काम रहेमतुल्लाला सांगितलं. त्याचा देव वेगळा. त्याला पाप लागायचं कारण नव्हतं.

"म्या म्हटलं होतं, हे काढू नका."

"म्हटलं होतं. पण जोर देऊन नाही म्हटलं बे तू."

रहेमतुल्लानं साबण फिरवला.

"मग पुन्हा लावा ना शेंदूर," गाडीतून अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. लेकीचं डोकं त्यांच्या मांडीवर होतं.

"लावता येते बाई. पन वाळाले आठ दिवस लागतात."

कोकिळा कण्हली. खाली टाकी ठिबकत राहिली.

साबणाची अख्खी वडी गेली तेव्हा गळती थांबली. तोवर टाकीत थांबवण्यासारखं फारसं उरलंही नव्हतं. रहेमतुल्लानं बाहेर येऊन आत काडी बुडवली. काडीचं टोक ओलं झालं.

"दोन कोस जाईन. लई झालं तर अडीच."

चिखलीच त्याच्या कितीतरी पुढं, आणि बुलढाणं चिखलीच्याही पुढं. या महिन्याची पेट्रोलची कुपनं संपली होती. नवी पहिल्या तारखेला मिळायची, आणि आज अठरा होती.

अर्जुनराव इतका वेळ पागोटं काखेत धरून उभे होते. ते पुढं झाले.

"भाऊसाहेब, म्या दमणी जुपतो. हलकी हाये, बैल पयणारे हायेत. दिवस बुडाच्या आत बुलढाणं गाठतो."

"दमणीत?" वामनरावांना खरंच वाईट वाटलं. "त्या खड्ड्याईतून? हादऱ्यानंच जीव जाईन पोरीचा. इथं गादी हाये, कमानी हायेत. आन् लोक काय म्हनतीन? दारात मोटार असून वामनरावनं पोरीले दमणीत धाडलं?"

"लोकाईचं जाऊ द्या हो..."

"जाऊ द्या कसं? आता निजवली तिले, पुन्हा उठवता काय? बैल आना. मोटारीलेच जुपा."

अर्जुनरावांनी बायकोकडे पाहिलं. वामनरावांना नाही म्हणणं काही अवघड नव्हतं. गावात आजवर कोणी म्हटलं नव्हतं, एवढंच.

बैल आणले. नाडा पुढच्या आसाला बांधला. दमणी घेऊन वाऱ्यासारखी धावणारी जोडी जरा ओढून थबकली, आणि दोन्ही बैलांनी मान वळवून मागं काय आहे ते पाहिलं. मग पराणी टोचल्यावर पुन्हा ओढू लागली.

रहेमतुल्ला स्टिअरिंगच्या चाकापाशी बसला. "मालक, हाये तेवढं पेट्रोल तरी जाळू काय? दोन कोस तरी झपकन जातीन."

"येडा झाला काय? ते राहू दे. बुलढाण्यात शिरतानी मोटार आपल्या पायानं गेली पाहिजे."

मोटार हलली. वामनराव एक हात मडगार्डवर ठेवून वेशीपर्यंत सोबत चालले. तिथं त्यांनी हॉर्न वाजवायला लावला. बैल बुजून आडवे झाले. त्यांना सरळ करण्यात आणखी वेळ गेला. नंतर रस्ता मोकळा होता. उन्हं वर आली. अर्जुनराव बैलांच्या कानाशी काही पुटपुटत पुढं चालत होते, आणि चाकं इतकी हळू फिरत होती की एकेक आरा मोजता आला असता.

बऱ्याच वेळानं कोकिळेनं डोळे उघडले.

"माय, बुलढाणं आलं काय वं?"

अन्नपूर्णाबाईंनी मागं वळून पाहिलं. वेशीत नूरबी अजून उभी होती. तिच्या ओढणीचा रंगसुद्धा ओळखू येत होता.

"हाव माय," त्यांनी लेकीच्या कपाळावरचा घाम पुसला. "हे काय, घरं दिसून राह्यली."