खाली एक डाग नाही

किल्ली फिरवली तसा लाल दिवा लागला आणि विझलाच नाही. तेलाच्या किटलीचं ते चित्र सुदामकडे टक लावून बघत राहिलं. त्याने गाडी बंद करून पुन्हा चालू केली. किटली तिथेच. त्याने घाईने किल्ली फिरवून इंजिन बंद केलं.

नऊ वाजले होते. अकरापर्यंत शिरड शहापूरला पोचायचं होतं. तिथे बहिणीकडे, निताकडे, त्याचा बाप थावरा आठ दिवसांपासून नवा नातू बघायला गेला होता. आज सुदाम त्याला गाडीने घरी आणणार होता. म्हाताऱ्याने एकदा गाडीत बसावं, एवढ्यातच त्याचा जीव अडकला होता. महिन्यापूर्वी सुदामने मोबाइलवर व्हिडिओ बघून, घरच्या अंगणात, स्वतःच्या हाताने इंजिन ऑइल बदललं. तेव्हापासून थावरा गाडीत बसला नव्हता. निताकडे सोडतो म्हटलं, तर मला एसटी फुकट आहे म्हणून पिशवी उचलून चालता झाला. सुदामला ते फार लागलं. बापाने तीस वर्षं विहिरीवरचं डिझेल इंजिन चालवलं होतं. त्याच माणसाने पोराच्या हातावर विश्वास ठेवू नये?

आणि सुदामचा हात काही ऐरागैरा नव्हता. हिंगोलीच्या एका कॉलेजात तो भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होता. ऑइल बदलताना इंजिनाच्या तळाच्या भोकाला लावायच्या नव्या बोल्टासोबतची एक तांब्याची चकती उरली, तेव्हा कंपनीने एक जास्त दिली असं ठरवून त्याने ती खिशात टाकली होती. तांड्यावरचं कुणीही भेटलं की तो त्याला वाकायला लावून गाडीखालची जमीन दाखवायचा. बघा, इतके दिवस झाले, खाली एक डाग नाही.

त्याने वही काढली आणि कारणं लिहायला घेतली. पहिलं कारण, ऑइल कमी असणं. त्याने वाकून जमीन बघितली. ठणठणीत कोरडी. डाग नाही म्हणजे गळती नाही, गळती नाही म्हणजे ऑइल पूर्ण. मग ऑइल मोजायची पट्टी ओढून बघायची गरजच काय? त्याने त्या कारणावर काट मारली. एखाद्या विद्यार्थ्याने अशी काट मारली असती, तर सुदामने त्याला तासभर सुनावलं असतं.

उरली दोन, ऑइलचा पंप आणि त्याचा दाब मोजून दिवा लावणारा सेन्सर. पंप बिघडला म्हटलं तर मेकॅनिककडे जावं लागणार आणि अख्खा तांडा हसणार. त्यामुळे सेन्सरच बिघडला असं ठरलं. मोठमोठे शोध असेच लागत असावेत, असं त्याला स्वतःलाही वाटून गेलं.

सेन्सरचा व्हिडिओ शोधायला तो दाराच्या चौकटीला टेकला आणि बाही काळी करून घेतली. त्याची माय, मिराबाई, गेले आठ दिवस चौकटीला जळकं ऑइल चोळत होती. वाळवीला त्यासारखं औषध नाही. तांड्यावर कुणाच्या इंजिनातून ऑइल निघालं की बाया डबे घेऊन हजर असतात. आतून त्याची बायको शिला ओरडत होती, की कणीक मळायची जर्मनची परात महिनाभर जागेवर सापडत नाही. सुदामचं लक्ष नव्हतं. त्याने सेन्सरची वायर उपसली. दिवा विझला. त्याने मिशीवरून हात फिरवला आणि निताच्या फोनवर बापाला बोलावून घेतलं.

"बा, निघालोच मी. आज तुमी पुढच्या सीटवर बसायचं."

थावरा म्हणाला, "तुझी माय रोज परात वतून राहिली ना?"

"कोणची परात?"

"गाडीखालची. झोपताना ठिवायची, तू उठायच्या आत काढायची. वाटीभर ऑइल जमतं. फडक्यानं गाळून इंजनात वापस. तुझ्या मायला सांगून आलतो, रोज परात उचल आन् ऑइल घाल म्हणून."

सुदामने फोन कानाला तसाच धरून मायला विचारलं. मिराबाईने कौतुकाने चौकटीवर हात फिरवला.

"घालते की रोज. बघ, एक वाळवी ऱ्हायली न्हाई."

सुदामने बॉनेटखालची पट्टी ओढली. टोकाला ऑइलचा टिपूससुद्धा नव्हता. दिवा विझवून तो तसाच निघाला असता, तर औंढ्याच्या अलीकडेच इंजिन जाम झालं असतं. खिशात हात घातला तर ती चकती बोटाला लागली. तिची जागा कुठे होती हे आता कुणी सांगायची गरज नव्हती. म्हातारा गुडघे धरून रोज पहाटे गाडीखाली वाकत होता, आणि आपण उजाडल्यावर तीच जमीन लोकांना दाखवत होतो. सुदामला लाज वाटली. त्याहून जास्त भरून आलं.

"बा, तुमी मला बोलले काहून न्हाई?"

"तू समद्यांना जमीन दाखवून राहिला होतास. मी कसं बोलू?"

सुदामने वायर जागेवर बसवली. तो म्हणाला, की म्हणजे आता तुम्ही या गाडीत कधीच बसणार नाही.

"काहून न्हाई बसणार?" थावरा म्हणाला. "ऑइल बराबर भरून ये. आन् परात संगं आण."