पेटीत जाणारी सावरझिरी

"या पेटीचे दहा खिळे रायले, पाटील," पुंजाराम सुतार म्हणाला. "तेवढ्यात आटपा. मंग ती शेवटची पेटी ठोकली का मी देवालेही उघडून देनार नाई."

अमरावतीच्या छावणीत, बदली झालेल्या साहेबाच्या ओसरीवर, पुस्तकांच्या पेट्या ठोकणं चाललं होतं. गाड्या दुपारी मुंबईकडे निघणार होत्या. शेवटच्या पेटीत सगळ्यांत वर ठेवायचं पुस्तक कमलाकांत कारकुनाने मांडीवर घेतलं होतं. पंचेचाळीस वर्षांपूर्वी कुणी गोरा मुशाफिर मेळघाटाच्या पायथ्याने नकाशे काढत हिंडला, त्याची ती हकिकत. अशी प्रत आता विलायतेतही सापडत नाही, असं साहेब म्हणे. म्हणून तिला मेणकापडाचं वेष्टन. मडमेच्या आरशाला नुसतं गवत.

सुतार ज्याला पाटील म्हणाला तो नत्थुजी पायरीवर बसला होता. अकोल्याहून तीन दिवस गाडी हाकून आला होता, तोही ऐन वेचणीत. त्या सालात हे वेडाचं लक्षण होतं. अमेरिकेतले गोरे आपसात भिडून तिथला कापूस अडल्यापासून वऱ्हाडात माणूस सासऱ्याच्या तेराव्याला निघताना आधी कापसाचा भाव विचारून घेई.

पण बाजारात कुणीतरी म्हणालं होतं की छावणीतल्या साहेबाच्या पुस्तकात सावरझिरीचं नाव आहे. सावरझिरी नत्थुजीचं गाव. बाप तिथला पाटील. पटकीने गाव उठलं तेव्हा नत्थुजी सात वर्षांचा होता. त्याच पटकीत आई-बाप दोघेही गेले. मामाने त्याला उचलून अकोल्याकडे आणलं. सरकारच्या नव्या कागदात आता तिथे गावाचं नावही नव्हतं, 'बेचिराग', म्हणजे दिवा न लागणारं, एवढाच शेरा. आणि आईचा चेहरा त्याला आठवेनासा होऊन किती वर्षं झाली, याचा हिशेब त्याने सोडून दिला होता.

आल्याआल्या त्याने पुस्तक विकत मागितलं. कमलाकांत नाही म्हणाला. मग नत्थुजीने झाडाखाली बांधलेली बैलजोडी दाखवली. शिंगांना चांदी चढवलेली. कमलाकांताने आधी बैलांकडे पाहिलं, मग पुस्तकाकडे, मग पुन्हा जरा जास्त वेळ बैलांकडे, आणि साहेबाची वस्तू आहे असं म्हणून मोठा सुस्कारा सोडला. पुण्याहून शिकून आलेला माणूस. प्रामाणिकपणा त्याला जड जाई, पण जमे.

"मला कळतंय, नत्थुजी," तो गालात हसत म्हणाला. "ओसाड गावांची काळी आता कसायला देताहेत. पुरावा हवा ना? पानाची नक्कल करून देतो."

"जमीन नाई पायजे, पंत. तिथं कोन कोन होतं, तेवढं वाचा."

कमलाकांत इंग्रजी वाचून मराठीत सांगू लागला. मुशाफिर मोठा चोख. घरं एकवीस. विहीर एक, पाणी गोड. आंब्यांची राई, तंबूला सोयीची. पाटील बोलायला बरा, दूध द्यायला कुरकुरतो. नत्थुजी एकेका गोष्टीला मान डोलवत होता, जणू हजेरी चालली होती. दुधाच्या कुरकुरीला तर तो हसलाच. मागे शेजारच्या पेटीत पुंजारामचे खिळे एकेक करून आत जात होते.

मग कमलाकांत थांबला. पुढे काही विशेष नाही, म्हणाला.

"काहून थांबले? त्याचे खिळे सरले नाई अजून. वाचा."

कमलाकांताचा आवाज उतरला. मुशाफिराला तिथे ताप भरला होता. दिवेलागणीला पाटलाची बायको न विचारता तंबूत शिरली. उंच बाई, तोंडावर देवीचे वण. मुठीत काहीतरी धरून तिने ते त्याच्या अंगावरून उतरवलं, ओठातल्या ओठात पुटपुटली आणि शेगडीत टाकलं. असा धूर झाला की मुशाफिर नि नोकर खोकून खोकून बेजार. ही चेटकीण आपल्याला गुदमरून मारायला आली, असं समजून मुशाफिराने तिला शिपायांकडून ओढत बाहेर काढलं. खाली शेरा मारला होता, की इथली पाहुणचाराची रीत ही अशी.

"मीठ-मोहऱ्या आणि मिरच्या," कमलाकांत घाईने म्हणाला. "दृष्ट काढली हो बिचारीनं. त्या गोऱ्यांना काय कळतंय त्यातलं? तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

नत्थुजी मागेच कुठेतरी अडकला होता. "उंच लिवलं?"

"उंच बाई, असंच आहे."

"मले वाटे, मी लहान होतो म्हनून उंच दिसे."

कमलाकांताने पुस्तक मिटलं. मेणकापड गुंडाळलं, दोरी आवळली. पुंजारामने शेवटची पेटी पुढे ओढली. नत्थुजी उठला आणि उठल्याजागी थबकला.

"पंत, ठसका लागला म्हंता ना साऱ्याईले? मंग दृष्ट नोती त्याले. दृष्ट असली का मिरचीचा वासही येत नाई."

"असेल," कमलाकांत म्हणाला.

"असंन नाई जी, तसंच असते." नत्थुजीने पुढे होऊन दोरीच्या गाठीवर बोट ठेवलं. "पन पुढं त्याचं काय झालं, तिले काय मालूम? तिले तर हाकलून देल्लं. ती रातभर जागीच असंन. पुढचं पान काढा जरासं. सकायी ताप उतरला का त्याचा?"