नवं मॉडेल

मुलीच्या लग्नासाठी गुलाबरावांनी नवा कॅमेरा घेतला. लक्ष्मीबाई नगरच्या क्वार्टरमध्ये, ट्यूबलाइटच्या उजेडात क्षिप्राचा पहिला फोटो काढला, तर जुन्या कॅमेऱ्यात यायचे तसेच रवाळ ठिपके चेहऱ्यावर. माहितीपत्रक चाळलं आणि केंद्र सरकारात तीस वर्षं फायली हाताळलेला हा माणूस भडकला. नाव नवं, पट्टा नवा, आतला सेन्सर मात्र आठ वर्षांपूर्वीच्या कॅमेऱ्यात होता तोच.

“स्वस्तातला कॅमेरा घेणाऱ्यांना हे काय समजतात? स्वतःचं डोकं चालवायला नको. जुनाच माल, वर नवं लेबल. थांब, कंपनीला चांगलं खरमरीत पत्र पाठवतो.”

क्षिप्रा चहा घेऊन येईपर्यंत पत्र मेलने गेलंसुद्धा होतं. तिने स्क्रीनवर वाचलं. दोन पानं, सात मुद्दे, प्रत्येक मुद्दा बिनतोड.

“बाबा, कमाल आहे यार. पाच मिनिटांत एवढं लिहिलंत?”

गुलाबरावांनी शांतपणे चहाचा घोट घेतला.



“लिहायचंय काय त्यात? मागच्या कॅमेऱ्याच्या वेळी पाठवलेलं पत्र होतंच. मॉडेलचं नाव आणि तारीख तेवढी बदलली.”