घरी या एकदा

व्हिएन्नाच्या सहलीत तिथल्या मोठ्या बागेत माझी बायको मृणालिनी एका म्हाताऱ्या बाईंशेजारी बाकावर बसली. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, तरी डब्यातला चिवडा संपला. उठताना ही सवयीने म्हणाली, "घरी या एकदा."

"अगं, मराठीतून काय बोलावतेस त्यांना?" मी म्हणालो.

"मनापासून बोलावलं की कळतं हो."

परतताना आमच्या पायांखाली बागेतली खडी करकरत होती.

२००५च्या जानेवारीत, अमेरिकेत ॲन आर्बरच्या आमच्या घरी, भर दुपारी तीच करकर ऐकू आली. आमच्याकडे खडी नाही. डांबरी ड्राइव्हवे आहे, आणि त्यावर वीतभर बर्फ होतं. आवाज दाराशी येऊन थांबला. मी दार उघडलं. बर्फावर एकही पाऊल नव्हतं.

मृणालिनीने तिसरा कप काढला. "थंडीत आल्यात बिचाऱ्या."

मग त्या रोज येऊ लागल्या. मला कधी दिसल्या नाहीत. पण ही त्या रिकाम्या खुर्चीशी इतकं खुलून बोलायची, की रिटायर झाल्यापासून प्रथमच मला घर भरल्यासारखं वाटायचं. चिवडा मीच आणून ठेवायचो.

एक दिवस चहा झाल्यावर हिने पायांत नुसत्या चपला घातल्या.

"कुठे निघालीस?"

"कधीच्या बोलावतायत त्या. आपणही जायला नको का?"

"मग कोट तरी घाल."

"नको. तिकडे ऊन आहे." तिने माझी कॉलर नीट केली. "तुमचं जेवण झाकून ठेवलंय. येते हं."

दार लागलं. बाहेर खडी करकरली, या वेळी दोघींच्या पावलांनी.

मी धावत जाऊन दार उघडलं. बर्फावर हिचंही पाऊल उमटलं नव्हतं.